चार मनोगतांखाली दबलेले पान

मित्रांनो, मी एक जुने पान आहे. वहीचे नव्हे आणि झाडाचेही नव्हे. एका विद्यापीठाच्या आहारशास्त्र विभागाचे संकेतस्थळावरचे पान. कागदाचे पान पिवळे पडते, म्हणून त्याचे वय लोकांना कळते. माझे तसे नाही. मी दमले आहे, हे कुणाला दिसतच नाही. विभागाच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर मी दिवसभर उघडे असते आणि तिथले सगळे बोलणे ऐकत असते.

जन्मले तेव्हा मी सुटसुटीत होते. वर विभागाचे नाव, खाली अभ्यासक्रम, वर्गांच्या वेळा आणि फोन नंबर. मग तेव्हाचे विभागप्रमुख, म्हणजे मोठे सर, यांनी वेळांच्या वर आपले मनोगत घातले. 'मला सांगताना अत्यंत आनंद होत आहे' अशी त्याची सुरुवात होती. सर निवृत्त झाले, दुसरे प्रमुख आले. त्यांनाही आनंद झाला. पण मोठ्या सरांचे मनोगत काढायचे कसे? "सरांना काय वाटेल?" असे कारकून बाई म्हणाल्या. मग ते तसेच राहिले आणि त्याच्या खाली दुसरे आले. पुढे तिसरे आले, चौथे आले. वडीलधाऱ्यांचा मान राखता राखता वर्गांच्या वेळा पार तळाला गेल्या. माझ्या डोक्यावर मात्र हे ओझे वाढतच गेले.

तरी एकदा माझे कौतुक झाले होते बरे का. "लोक आपल्या पानावर बराच वेळ थांबतात," असे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या गृहस्थांनी बैठकीत सांगितले आणि टाळ्या पडल्या. मीही हुरळून गेले. लोक माझ्यात रमतात, असेच मला वाटले.

त्या लोकांत एक ताई होती. ती एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम करायची. जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने डबा खात, ती मला फोनवर उघडायची. तिचा अंगठा वर सरकत राहायचा. पहिल्या मनोगतात ज्ञानयज्ञ, दुसऱ्यात ज्ञानदीप, तिसऱ्यात दोन्ही. तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारायचे आणि फोन बंद व्हायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. आणखी थोडे खाली ये गं, असे मला ओरडून सांगावेसे वाटे. पण पानाला तोंड कुठे असते?

शेवटी एक दिवस सुट्टी काढून ती कार्यालयातच आली.

"संध्याकाळचा वर्ग असतो का हो तुमच्याकडे? दिवसा मला काम सोडून येता येत नाही."

"असतो की!" कारकून बाई म्हणाल्या. "पण प्रवेशाची मुदत परवाच संपली. पानावर दिलं होतं सगळं."

"मी रोज बघत होते पान. मला दिसलं नाही."

"असं कसं? हे बघा…" बाई मला खाली सरकवू लागल्या. "थांबा हं… अजून खाली आहे… हे काय, इथं!"

ताईने वाचले आणि हळूच म्हणाली, "इथंवर यायला माझी जेवणाची सुट्टी पुरत नव्हती हो."

आवाज ऐकून विभागप्रमुख मॅडम बाहेर आल्या. चौथे मनोगत त्यांचेच. त्यांनी वरच्या कार्यालयात फोन करून पाहिला, पण मुदत काही वाढली नाही.

"पुढच्या वर्षी नक्की या," त्या म्हणाल्या.

"आहारतज्ज्ञांच्या हाताखालची जागा आमच्याकडे आत्ता निघालीय, मॅडम. शिक्षण चालू असलं तरी चालणार होतं. ती जागा माझी वाट बघत बसेल होय?"

ती गेली. मित्रांनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. लोक माझ्यात रमत नव्हते, हरवत होते.

मॅडमनी मनोगते काढायचे ठरवले. पण मोठ्या सरांना सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी पुढे येईना. अखेर मॅडमनीच त्यांना चहाला बोलावले आणि माझ्यासमोर बसवले. "सर, संध्याकाळचा वर्ग किती वाजता असतो, ते जरा शोधून सांगा ना."

सरांनी चष्मा चढवला. स्वतःचे मनोगत मान डोलवत वाचले. दुसरे भराभर वाचले. तिसऱ्याला जांभई दिली. "अहो, वेळ कुठं लपवलीय? चहा निवला माझा!"

मग मॅडमनी त्यांना ताईची हकिगत सांगितली. सरांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"आधी माझं काढा," ते म्हणाले. "मग बाकीच्यांना बोलायला तोंड राहणार नाही."

मॅडम लिहायला बसल्या. सवयीने 'मला सांगताना' एवढे लिहिले आणि स्वतःच हसून पुसले. मग लिहिले : 'दिवसा काम करता? संध्याकाळी शिका. वर्ग सहा वाजता सुरू होतो.' खाली प्रवेशाची मुदत आणि फोन नंबर. किती वर्षांनी मला मोकळा श्वास घेता आला!

पुढच्या वर्षी ताई पुन्हा आली. तिने मला फोनवर उघडले, वाचले आणि लगेच निघून गेली. अंगठा सरकवलासुद्धा नाही. मी जरा हिरमुसले. पण बाहेर पडून ती थेट अर्जाच्या पानावर गेली होती. त्या दिवशी तिचा डबा संपायच्या आत अर्ज भरून झाला. रुग्णालयातली जागा मात्र दुसऱ्या कुणाला मिळाली होती. ती संधी काही परत आली नाही.

आता पुन्हा नवे विभागप्रमुख आले आहेत. माणूस चांगला आहे. कालपासून मनोगत लिहीत आहेत आणि त्यांनाही अत्यंत आनंद झालेला आहे. मी थकले आहे, मित्रांनो. तुमच्यापैकी कुणावर उद्या माझ्यासारखे पान लिहायची वेळ येईल. तेव्हा आपला आनंद थोडा बाजूला ठेवा. कुणीतरी एका हातात डबा धरून वाचत असेल. हाक यायच्या आत तिला हवे ते सापडू द्या.