मुहूर्ताचा पहिला काप

झेंडूचं फूल कॉम्प्युटरवर ठेवायला हेमा वर केबिनमध्ये गेली नसती, तर पुढचं सगळं भलतंच झालं असतं. आजही त्याचा विचार आला की अंगावर काटा येतो, खरंच सांगते.

एकोणनव्वद सालचा दसरा. रत्नागिरीच्या एमआयडीसीत आप्पांचा कारखाना, बोटींच्या इंजिनांचे सुटे भाग करणारा. आप्पांनी मोठ्या हौसेने कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन आणलेलं. त्याने कुठे, किती कापायचं याचे प्रोग्राम हेमा वर केबिनमध्ये बसून तयार करायची आणि खाली मशीन चालवायचा विठूकाका. माणूस लाखात एक, पण खोड वाईट. फिरतं हत्यार धातूला पहिल्यांदा टेकतं ना, ते हा पठ्ठ्या वाकून, तोंड आत घालून बघायचा. ओरडून ओरडून हेमाचा घसा बसला, पण ऐकेल तर शपथ!

तर हेमाने फूल ठेवलं. खाली आरती चालू झाली होती. तिने सहज पडद्यावरच्या यादीवर नजर टाकली आणि ती तिथेच थबकली. खाली मशीनवर द्यायचे प्रोग्राम कॉम्प्युटरच्या ज्या कप्प्यात ठेवायचे, त्या ‘मशीन’ नावाच्या डिरेक्टरीत पंपाच्या झाकणाचा प्रोग्राम होता, पण त्याच्यापुढे तारीख ऑगस्टातली. अगं बाई, नवा तर काल केला!

मग कालचं सगळं तिला आठवलं. प्रोग्राम तयार झाला की कॉम्प्युटर विचारायचा, कुठल्या डिरेक्टरीत ठेवू? आणि आधी जी वापरली असेल तिचंच नाव पुढे करायचा. आधीची होती ‘ट्रायल’. पण काल खंडेनवमी. आप्पा खाली पान्हे, हातोड्या पाटावर मांडून हाका मारत होते, “हेमा, ती फ्लॉपी आण गो पूजेला!” त्या गडबडीत तिने नाव न वाचताच एंटर दाबलं. नवा प्रोग्राम गेला ट्रायलमध्ये. फ्लॉपीवर मात्र तिने ‘मशीन’ डिरेक्टरीतलाच उतरवला, म्हणजे जुना. भाग तोच म्हणून नावही तेच. त्या फ्लॉपीच्या पाकिटाला आप्पांनी हळदकुंकू लावलं आणि आज मशीनमध्ये घालायला तीच विठूकाकाच्या हातात होती.

जुन्या प्रोग्रामच्या वेळी झाकण पकडायला बुटके क्लॅम्प होते. आता विठूकाकाने चांगले उंच बसवलेले. हत्यार भरधाव जाऊन त्यांच्यावरच आदळणार, फुटणार, आणि तुकडे उडणार ते थेट वाकलेल्या तोंडावर.

एरवी नवा प्रोग्राम आधी हवेत फिरवून बघायचे. पण आज मुहूर्त! पूजा झालेलं मशीन रिकामं फिरवायचं नाही, पहिल्या फेरीलाच धातू कापला पाहिजे, हा आप्पांचा दंडक. शिवाय मशीनच्या सरकत्या दाराला झेंडूचं तोरण. ते चुरगळेल म्हणून दार सताड उघडं.

“विठूकाका! थांबा!” हेमा जिन्यावरून ओरडली. घंटा आणि टाळ्यांत कोणाला ऐकू जाणार? कठडा धरून, धडपडत ती खाली आली. चपला काढायचंही भान नव्हतं. एकदोघं “अगं अगं” करत बाजूला झाली. देवा, आज काही होऊ देऊ नको, एवढंच तिच्या डोक्यात. नारळ फुटला. विठूकाकाने नमस्कार केला, हिरवं बटण दाबलं आणि सवयीप्रमाणे तो वाकला.

हेमाने पुढे झेप घेऊन लाल बटणावर दोन्ही हात आपटले.

मशीन थांबलं. टाळ्याही थांबल्या.

“काय केलंस हे?” आप्पांचा चेहरा लालबुंद झाला. “मुहूर्ताला मशीन बंद पाडलंस? चपला घालून? वेड लागलं काय?”

हेमाने मशीनच्या आत बोट दाखवलं. विठूकाकाने बघितलं. हत्यार आणि क्लॅम्प यांच्यात नखाएवढी फट होती. त्याने हळूच आपल्या गालावरून हात फिरवला आणि तिथेच खाली बसला.

“माझी चूक,” हेमा कशीबशी म्हणाली. “नवा दुसरीकडेच ठेवला मी. न बघता.” आणि तिला रडू कोसळलं.

आप्पांनीही वाकून ती फट बघितली. मग त्यांनी स्वतःच्या हाताने दारावरचं तोरण ओढून काढलं. “आधी हवेत फिरवा,” ते म्हणाले. “दरवर्षी.”

हेमाला वाटलं, आता विठूकाका आपल्या प्रोग्रामला हात लावायचा नाही. पण दुसऱ्या दिवशी फ्लॉपी घ्यायला तो स्वतःच वर आला.

“बाय गो,” तो म्हणाला, “कुठं ठेवलंस ता बघितलंस ना?”

“बघितलं, काका.”

“मग माझ्यासमोर परत बघ,” विठूकाका म्हणाला. फ्लॉपीसाठी पुढे केलेला हात मागे घेऊन तो पडद्यापुढे वाकला.