पिंगळ्याचे प्रतिज्ञापत्र

२००३च्या मार्चमध्ये गुडगावच्या एका कंपनीने नोटीस पाठवली: ‘पिंगळा’ हे नाव वापरणे पंधरा दिवसांत थांबवावे. नोटिशीत माझ्या पत्नीचे, शालिनीचे, नाव नव्हते. ‘संकेतस्थळाचे चालक’ एवढेच होते.

पिंगळा हा प्रोग्रॅम शालिनीचा. संगणकावरचा हिंदी किंवा मराठी मजकूर तो मोठ्याने वाचून दाखवी. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, कार्यालयातून आल्यावर, ती पाच वर्षे त्यावर काम करत होती. गाझियाबादच्या एका अंधशाळेतली मुले त्यावर अभ्यास करीत. मूळ कोड संकेतस्थळावर सर्वांना खुला होता. कोणीही घ्यावा, बदलावा, विकावासुद्धा. तेव्हा कंपनीने तो घेतला याबद्दल तक्रार नव्हती. पण कंपनीने घाईने काटछाट केली, जोडाक्षरे गिळणारी आवृत्ती त्याच नावाने बाजारात आणली आणि नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केला.

शहराच्या द्वारका भागातले वकील गुणवंत देव आमच्या परिचयाचे. आधी वापरणाऱ्याचा हक्क मोठा असतो, असे त्यांनी समजावले.

“वहिनी, एक प्रतिज्ञापत्र करा. हे मी अमुक साली तयार केलं, तेव्हापासून याच नावानं वाटते आहे. बस, इतकंच.”

शालिनीने माझ्याकडे पाहिले. तिच्या विभागात बाहेरच्या कामाला लेखी परवानगी लागे. ती मागितली असती, तर फाइल प्रत्येक टेबलावर एकेक शंका गोळा करत फिरली असती. म्हणून कर्त्याचे नावच घालू नये, असे १९९८मध्ये मी सुचवले. मी पदार्थविज्ञानाचा माणूस. मोजमाप बरोबर असेल तर मोजणारा गौण, असे तिला ऐकवले होते. ते वाक्य तेव्हा मला फार आवडले होते.

तिच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. प्रतिज्ञापत्र विभागापर्यंत पोहोचेल का, असे तिने विचारले.

“समोरचा वकील स्वतः नेऊन देईल,” गुणवंत म्हणाले.

मग प्रोग्रॅम मी लिहिला असे मीच लिहून देतो, असे मी सुचवले.

“अहो, तुम्हाला त्यातली एक ओळ वाचता येत नाही,” शालिनी म्हणाली. “आणि माझी वस्तू खोटं बोलून तुमच्या नावावर करायची, तर त्यांनी काय वेगळं केलं?”

तिने नाव सोडले. साडेतीनशे ठिकाणचा ‘पिंगळा’ काढून तिथे ‘वाचक’ घालायला संगणकाला एक सेकंदही लागला नाही.

जूनमध्ये अंधशाळेच्या शिक्षिका चंद्रप्रभाजींचा फोन आला. अडचण आली की मदत करणाऱ्या बाई, एवढीच त्यांना शालिनीची ओळख. कोणा दात्याने शाळेला जुन्याच्या जागी कंपनीचा पिंगळा घेऊन दिला होता आणि मुलांना निम्मे शब्द कळत नव्हते. ‘वाचक’ चांगला आहे असे ऐकले होते. पण ती पिंगळ्याची नक्कल आहे, म्हणून मुख्याध्यापकांनी मनाई केली होती.

शालिनीने त्यांना कंपनीच्या आवृत्तीत कोणता वेग, कोणता स्वर ठेवला तर जोडाक्षरे थोडी तरी ऐकू येतील, ते वीस मिनिटे सांगितले. चंद्रप्रभाजींनी आभार मानले.

“मैडम, आप इतना करती हैं. कंपनी आपको तनख्वाह तो ठीक देती है न?”

“ठीक देती है,” शालिनी म्हणाली.