पाशामियाँची तळ्यावरची मोजणी

मित्रांनो, गढूळ पाण्याच्या पोटात काय आहे, हे वर होडीत बसलेल्या माणसाला सांगायचं, एवढ्यासाठी माझा जन्म झाला. मी एक जुना फिशफाइंडर आहे. माझ्या वायरीच्या टोकाला एक गोळा आहे. तो पाण्यात सोडला की मी तळाकडे आवाज पाठवतो. तो आवाज तळाला किंवा माशाला धडकून परत येतो आणि माझ्या पडद्यावर रेघ उमटते. मासा असला की मी ‘टीं’ असा बोलतो.

मला घडवलं दूरच्या देशात, बास नावाच्या माशासाठी. तिकडे गळाने बास धरायच्या मोठमोठ्या स्पर्धा होतात. मी मात्र बास कधी पाहिलाच नाही. हैदराबादच्या एका हौशी माणसाने मला विकत आणलं आणि माझ्या जोरावर चार-पाच स्पर्धा मारल्या. तेव्हा माझं फार कौतुक झालं. पुढे नवी यंत्रं आली. त्यांच्या पडद्यावर मासा सिनेमासारखा हलताना दिसतो, गळाकडे वळतो की पाठ फिरवतो तेही कळतं. मग मला कोण विचारणार? तीन वर्षं मी कपाटात पडून होतो. शेवटी मोसीन नावाच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या हाती लागलो. त्याने मला मुखेडला आणलं, त्याच्या मामूंकडे.

हे मामू म्हणजे पाशामियाँ. चाळीस वर्षं त्यांनी बाजारात घड्याळं दुरुस्त केली. पुढे काचबिंदूने एक डोळा गेला आणि दुसऱ्याला नळीतून पाहिल्यासारखं थोडंसंच दिसू लागलं. दुकान बंद झालं. ते त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. पण गावाजवळच्या तलावावर गळ टाकायचंही सुटलं, ते मात्र लागलं. पाण्यावरचे बुडबुडे दिसत नव्हते, दोरीवर तरंगणारं बूच दिसत नव्हतं. मी आलो तेव्हा त्यांच्या गळाच्या काठ्या दाराआड धूळ खात उभ्या होत्या.

मोसीनने मला मोटारसायकलची जुनी बॅटरी जोडली. पाशामियाँ म्हणाले, “अरे, याचा पडदा मला कुठं दिसणार?”

तेव्हा त्यांच्या पत्नी आबेदा आतून म्हणाल्या, “दिखता नै तो क्या हुआ? सुनाई तो देता ना!”

त्या नुसत्या बोलून थांबल्या नाहीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या वल्हं मारायला शिकल्या. तळहाताला फोड आले, त्यावर हळद लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा होडीत. त्या वल्हवायच्या, मी बोलायचो, पाशामियाँ गळ सोडायचे. बूच त्यांना नकोच होतं. घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग ओळखणारी बोटं ती! दोरी बोटावर नुसती थरथरली तरी मासा आमिष टोचतो आहे की गवत लागलं आहे, ते सांगायचे. पहिला रोहू लागला तेव्हा ते इतके हसले की होडी हलली.

दर वर्षी मार्चमध्ये तलावावर गळाची स्पर्धा असते. मासा धरायचा, ओल्या हाताने मोजायचा आणि परत पाण्यात सोडायचा. सगळ्यांत लांब मासा तो पहिला. स्पर्धेच्या कमिटीचे प्रमुख होते शेषेराव. शेतकरी माणूस, पाशामियाँचा जुना सोबती. यंदा दोन-तीन जण शहरातून नवी यंत्रं घेऊन येणार, अशी कुणकुण लागली होती. शेषेराव चिडलेच होते. त्यात त्यांनी मला पाहिलं.

“पाशामियाँ, मासा कुठं हाय ते डबाच सांगून राहिला. मग तुमी काय करून राहिले?”

“तुमी बुडबुडे बघता, मी टीं-टीं ऐकतो. एवढाच फरक हाय, शेषेराव.”

“फरक लई हाय. आज तुमचा हा, उद्या दुसऱ्याचा सिनेमावाला. मग ज्याचं यंत्र भारी त्याचा मासा मोठा. गळाला काय अर्थ ऱ्हातो?”

कमिटीत हात वर झाले आणि ठरलं: यंदा कुणाचंच यंत्र चालणार नाही. मला वाटलं, आता काठ्या पुन्हा दाराआड जाणार. पण पाशामियाँ उठून म्हणाले, “ठीक हाय. नियम सगळ्यांना एक. यंत्र ठेवतो, मी येतो. माझं नाव लिहा.”

स्पर्धेला बावीस दिवस होते. रोज सकाळी आम्ही पाण्यावर जायचो, पण आता गळ न घेता. आबेदा वल्ह्याचे फटके मोजत, मी खोली दाखवत असे, त्या ती वाचून सांगत आणि पाशामियाँ पाठ करत. “पुन्हा,” ते म्हणायचे. पुन्हा तीच वाट. ऊन कुठल्या गालावर आहे, वारा कुठल्या कानाला लागतो, हेही ते ध्यानात ठेवत. एके सकाळी माझी तळाची रेघ एकदम खाली कोसळली, सरळ भिंतीसारखी, आणि थोडं पुढे तशीच वर आली. खोल खड्डा. आणि त्यात मी एकसारखा बोलत सुटलो. उन्हाने पाणी उतरू लागलं की मोठे मासे अशाच जागी जातात. ती वाट त्यांनी चाळीस वेळा तरी घोकली असेल.

स्पर्धेच्या दिवशी मला बंद करून कमिटीच्या टेबलावर ठेवलं होतं. दुपारी पाशामियाँची होडी काठाला लागली. ओल्या गोणपाटात मोठा कटला मासा होता. शेषेरावांनी स्वतः मोजला. पहिला नंबर देगलूरच्या एका गड्याचा आला, पाशामियाँचा कटला बोटभर कमी भरला. दुसरा नंबर.

लगेच कुणीतरी ओरडलं, “दिसत न्हाई त्या माणसाला एवढा मासा कसा लागला? होडीत दुसरं यंत्र असंल!”

आबेदा लालबुंद झाल्या. पाशामियाँ शांतपणे म्हणाले, “होडी तपासा.” तपासली. काही निघालं नाही.

मग शेषेरावांनी हळूच विचारलं, “कुठं धरला?”

“पंपघराच्या भिंतीपासून सरळ एकोणसाठ वल्ही. तिथून ऊन उजव्या गालावर घ्यायचं आणि एकवीस. खाली गोल, खोल जागा हाय. बांधलेली असावी.”

शेषेरावांनी पंपघराकडे वळून पाहिलं. तळं झालं तेव्हा त्यांचं रान पाण्याखाली गेलं होतं. “ती आमची विहीर हाय,” ते म्हणाले. “मी पोहायला तिथं शिकलो. कुठं हाय ते मलाबी सांगता आलं नसतं.”

दुसऱ्या दिवशी ते होडीत येऊन बसले. मला चालू केलं. रेघ खाली कोसळली तसे ते माझ्यावर वाकले आणि त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. परतताना म्हणाले, “पुढच्या साली तुमच्यापुरता नियम सैल करू.”

“स्पर्धेत नको,” पाशामियाँ म्हणाले. “बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस मात्र हा मला लागतो. त्यात कुणी आडवं येऊ नका.”

“न्हाई येणार,” शेषेराव म्हणाले.

मित्रांनो, नवं यंत्र आलं म्हणून जुन्याला फेकू नका. कुणाची तरी वाट त्याच्यामुळे मोकळी होत असेल. पाण्यातून काढलं की आम्हाला कोरड्या फडक्याने पुसा, वायर पिळू नका. आणि आम्ही सांगतो ते नुसतं बघू नका, शिकून घ्या. आम्ही बंद पडलो तरी ते तुमच्यापाशी राहतं. माझी बॅटरी आता थकली आहे, हे पाशामियाँना ठाऊक आहे. म्हणून त्यांची घाई चालली आहे. तळ्याचा पलीकडचा काठ अजून पाठ व्हायचा आहे. आबेदांनी वल्हं उचललं आहे, आणि मी मोजतो आहे.