गुणवंतरावांचं पाचारण

गुणवंतराव पाटोळे आणि देव यांचं मत सहसा एकच पडायचं. कारखान्याच्या क्वार्टरांमधलं पेरूच्या झाडाचं कोपऱ्यावरचं घर कोणी घ्यावं, यासाठी गुणवंतरावांनी प्रार्थना केली, तेव्हा ते त्यांनीच घ्यावं असं उत्तर आलं. जबलपूरच्या आमच्या छोट्याशा मराठी ख्रिस्ती मंडळीत वडील, म्हणजे कारभार पाहणारा पंच, म्हणून कोणाला नेमावं, यासाठीही त्यांनी गुडघे टेकले होते. तिथंही देवाला दुसरं नाव सुचलं नाही.

लढाईचे दिवस होते. तोफगाड्यांच्या कारखान्यात तिन्ही पाळ्या चालत. गुणवंतराव चाकांच्या खात्यात मिस्त्री होते. दिवसभर तोफांची चाकं बसवायची आणि संध्याकाळी जगात शांती नांदो म्हणून प्रार्थना करायची, हा त्यांचा नेम होता. दोन्ही कामं ते सारख्याच निष्ठेनं करत. त्यांची बायको वसुधा मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेलेली. वसुधाबाईही प्रार्थना करत, पण उभ्याउभ्या, इंजेक्शनची सुई उकळेपर्यंत.

एका रविवारी उपासना संपल्यावर मिशनच्या मिससाहेबांनी सांगितलं, की आफ्रिकेत मोंबासाच्या बाजूला मिशनचा एक दवाखाना आहे. तिथं हिंदुस्थानातून कोणी सेवक हवा आहे. आजवर परदेशातून लोक इथं आले, आता इथून कोणी जावं.

गुणवंतरावांना तिथल्या तिथं देवाचं पाचारण झालं. मिससाहेबांचं वाक्य पुरतं संपायच्या आतच झालं, असं ते पुढं सांगत. घरी येईपर्यंत त्यांना बोटीचा कठडा, डोक्यावरची पांढरी टोपी आणि झाडाखाली बसून ऐकणारे हजारभर लोक स्पष्ट दिसले होते. दुसऱ्या दिवशी सदर बाजारातून टोपी आली.

"हे काय आणलं?" वसुधाबाईंनी विचारलं.

"आफ्रिकेत ऊन असते," गुणवंतराव म्हणाले. "प्रभू बोलावून राहिला, वसुधा. आपण काहून मागं राहायचं?"

वसुधाबाईंनी टोपी खुंटीला लावली आणि जेवायला वाढलं.

सुवार्ता सांगायची तर तिथली भाषा यायला पाहिजे. छावणीच्या इस्पितळात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जखमी झालेले काही आफ्रिकन शिपाई होते. गुणवंतरावांनी तिकडं खेटे घालायला सुरुवात केली. पाय प्लास्टरमध्ये टांगलेला डॅनियल नावाचा एक जवान त्यांना सापडला. त्याला त्याच्या गावच्या गुजराती दुकानदाराकडून शिकलेली मोडकी हिंदी येत होती. त्यानं सांगितलं, की पाण्याला 'माजी' म्हणतात आणि देवाला 'मुंगू'. गुणवंतरावांनी दोन्ही शब्द घोकले. मुंगू म्हणताना डोळ्यांपुढं मुंगूस यायचं, पण सेवेत असले अडथळे यायचेच.

तिसऱ्या भेटीत त्यांनी मूळ विषयाला हात घातला. प्रभू येशूचं नाव कधी कानावर आलं आहे का, असं त्यांनी डॅनियलला हळुवारपणे विचारलं.

"मेरा बाप पादरी," डॅनियल म्हणाला. "बाप का बाप भी पादरी. तुम हमारे मुलुक में काहे को जाता?"

"सुसमाचार सुनाने," गुणवंतराव जरा दबकत म्हणाले.

"अच्छा. तो तुम्हारे जबलपूर में सब लोग मसीही हो गया?"

गुणवंतरावांनी सराफ्यातली गर्दी आठवली, खात्यातले सोबती आठवले. "थोडा बाकी है," ते म्हणाले.

डॅनियलनं गंभीरपणे मान हलवली आणि त्यांचा हात हातात घेऊन जबलपूरसाठी लांबलचक प्रार्थना केली. गुणवंतरावांना आमेन म्हणावंच लागलं. घरी आल्यावर मात्र त्यांनी वसुधाबाईंना एवढंच सांगितलं, की आज एका आफ्रिकन माणसाबरोबर प्रार्थना झाली आणि तो फार हेलावला होता.

मग त्यांनी कारखान्यात अर्ज केला. साहेबानं तो वाचला, टोपीसकट त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, लढाई संपेपर्यंत इथून कोणालाही सोडायचं नाही असा सरकारी हुकूम आहे. सैतान अडवून राहिला, असं गुणवंतरावांनी ठरवलं आणि पुन्हा अर्ज केला. सैतानानं पुन्हा तीच सही केली.

तेव्हा त्यांनी प्रार्थनासभेत, सगळ्यांसमोर, डोळे मिटून शेवटचं अस्त्र काढलं. "प्रभो," ते म्हणाले, "आम्ही तुझे चाकर. माझी इच्छा नको, तुझी इच्छा. तू ज्याला निवडशील त्याला पाठव. जे दार उघडशील, ते आम्ही निमूट मान्य करू." आवाज असा भरून आला होता, की पुढच्या बाकावरच्या सुहासिनीबाईंनी पदर डोळ्याला लावला.

दार महिन्याभरात उघडलं. तिकडच्या दवाखान्याला पाहिजे होती नर्स. नर्सला बोटीवर जागा मिळत होती, सरकार परवाना देत होतं. मिससाहेब स्वतः तिकडं निघाल्या होत्या, त्यांची सोबत होती. त्यांनी वसुधाबाईंना विचारलं आणि वसुधाबाई हो म्हणाल्या.

हे गुणवंतरावांना संध्याकाळी घरी कळलं.

"तू हो म्हणून आली? मला न विचारता?"

"तुम्ही देवाला विचारलं होतं ना, सगळ्यांसमोर. मला वाटलं, हेच उत्तर."

"अगं, पण मी कोणासाठी मागून राहिलो होतो, ते त्याला माहीत होतं."

वसुधाबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं. "मला जायचं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही टोपी आणली, त्याच्या आधीपासून. मिससाहेब बोलत होत्या तेव्हा माझ्या छातीत धडधडलं. पण तुम्ही रस्त्यातच बोलायला लागले, मग मी काय बोलणार?"

एवढ्या वर्षांच्या संसारात, बायकोलाही पाचारण होऊ शकतं हे गुणवंतरावांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते उठले आणि मंडळीचे पाळक विष्णुपंत यांच्याकडं गेले. बाईमाणसानं समुद्र ओलांडावा का, पाणबुड्यांचं भय आहे, घर कोण पाहील, असे पुष्कळ मुद्दे त्यांनी मांडले. घराचा मुद्दा दोनदा मांडला.

विष्णुपंतांनी सगळं ऐकून घेतलं. "पाटोळे," ते म्हणाले, "तिनं जाऊ नये असं देव तुम्हाला म्हणाला का?"

गुणवंतरावांनी तोंड उघडलं. ते नेहमीचं उत्तर जिभेवर होतंच. पण का कोण जाणे, ते बाहेर पडेना. "नाही," ते म्हणाले. "काहीच नाही म्हणाला."

"मग चला, चहा घ्या."

निघायच्या दिवशी सगळी मंडळी स्टेशनावर आली. गुणवंतरावांनी ट्रंक स्वतः उचलली, हमालाला हात लावू दिला नाही. गाडी सुटायच्या आधी विष्णुपंतांनी त्यांनाच प्रार्थना करायला सांगितलं. ही संधी त्यांनी आजवर कधी वाया घालवली नव्हती. त्यांनी डोळे मिटले. फलाटावर चहावाला ओरडत होता. बोटी बुडतात हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं, रोजच वाचत होते.

"प्रभो," ते म्हणाले, "हिला सांभाळ." आणि पुढं काही सुचेना. सगळे वाट पाहत राहिले. शेवटी वसुधाबाईंनीच हळूच आमेन म्हटलं.

वसुधाबाई सुखरूप पोचल्या. इकडं गुणवंतराव भात करपवायला शिकले आणि कालांतरानं न करपवायलाही शिकले. मंडळीत मात्र ते 'आम्ही आफ्रिकेत सेवा करतो' असं सांगू लागले. हा 'आम्ही' ऐकून सुहासिनीबाई पदर वेगळ्या कारणासाठी तोंडाला लावत.

लढाई संपली. तोफांची गरज सरली आणि चाकांच्या खात्यातली माणसं कमी झाली, त्यात गुणवंतरावही. आता सरकारी हुकूम आड नव्हता, बोटी मोकळ्या होत्या, आणि वसुधाबाईंनी लिहिलं होतं, की या, इथं मोडकं दुरुस्त करणारं कोणी नाही. उपदेशकाबद्दल त्यात काही नव्हतं. उपदेश करायला डॅनियलसारख्यांची तिथं काही कमी नव्हती.

या खेपेला मार्गदर्शन यायला फार वेळ लागला. समुद्र खोल आहे, हा विचार गुणवंतरावांना आता पहिल्यांदाच सुचत होता. पण पेरूचं घर कारखान्यानं परत मागितलं, आणि रिकाम्या खोलीत ट्रंकेवर बसून त्यांनी स्वतःशी कबूल केलं, की आपल्याला बायकोची आठवण येते. याला पाचारण म्हणावं की नाही, हे त्यांनी कोणाला विचारलं नाही. तिकीट काढलं.

मोंबासाच्या धक्क्यावर वसुधाबाई उभ्या होत्या. काळवंडल्या होत्या, जरा रोड झाल्या होत्या, आणि हमालांशी त्यांच्या भाषेत असं खणखणीत बोलत होत्या, की गुणवंतराव घोकलेले दोन्ही शब्द विसरले. दवाखान्यात पोचल्यावर सगळे गोळा झाले. वसुधाबाईंनी त्यांना काहीतरी सांगितलं, तसे सगळे हसून हात मिळवायला पुढं झाले.

"काय सांगितलं त्यांना?" गुणवंतरावांनी विचारलं. मिशनरी हा शब्द तरी असेल, अशी बारीकशी आशा होती.

"माझे मिस्टर आहेत म्हटलं. जबलपूरहून आले." मग त्यांनी नवऱ्याच्या अंगावरच्या चुरगळलेल्या कोटाकडं पाहिलं. "कोट काढा. बायकांच्या वॉर्डातले चार पलंग डुगडुगून राहिले. जेवणाच्या आधी एखादा पाहून घ्याल का?"

गुणवंतरावांनी कोट काढला, बाह्या सारल्या आणि पलंग कुठं आहे ते विचारलं.