लाँड्रीतली खोकी

वादळ ओसरलं की समुद्रपक्षी रस्त्यावर पडलेले सापडतात. जमिनीवरून त्यांना उडता येत नाही. आमच्या लाँड्रीतली कपडे वाळवायची खोली उबदार, म्हणून सगळं गाव त्यांना माझ्या गळ्यात मारतं. आधीच इथे मान वर करायला फुरसत नाही, त्यात ही पाखरं! पण मग नियमही माझेच. एका खोक्यात एक पक्षी, खाली मऊ कापड, झाकण बंद, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किनाऱ्यावर सोडेपर्यंत कोणी डोकवायचं नाही. घाबरून जीव सोडतात.

यंदा इतके आले की टॉवेल संपले. मी वैतागून वहिनीला म्हटलं, वरच्या फळीवरचे कपडे घे, वर्ष झालं, न्यायला कोणी फिरकलं नाही. तिने ते खोक्यांत अंथरले. एका खोक्यात मात्र दादाचा शर्ट अंथरला. माझा भाऊ गेल्या वर्षीच्या वादळात बोटीसकट बेपत्ता झाला. तेव्हापासून तो शर्ट ती दर आठवड्याला धुऊन इस्त्री करते. मी तिला अडवलं नाही, पुढच्या खोक्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या खोक्यातून चोच वाजली. दोनदा, मग थांबून एकदा. दादा दार असंच वाजवायचा. माझ्या हातातली इस्त्री तशीच थांबली. तरी मी वहिनीवर खेकसले, की पक्ष्याला चोच असते, तो ठोकणारच.

ती झाकणावर हात ठेवून बसली.

"ह्यांना मी सोडणार नाही," म्हणाली.

मी समजावलं, दटावलं. हे पक्षी घरात अन्नाला शिवत नाहीत, ठेवलास तर उद्या मरेल. ती ऐकेना. ऊन उतरलं तशी आतली टकटक मंद होत गेली. शेवटी ती उठली आणि खोकं छातीशी धरून एकटीच किनाऱ्याकडे गेली.

मी हुश्श केलं. बाकीची खोकी उचलायला वाकले, तर दाराजवळच्या खोक्यातून तालात टकटक सुरू झाली. दादाबरोबर बेपत्ता झालेला त्याच्या बोटीवरचा आचारी आमच्या काउंटरवर बोटांनी असाच ठेका धरायचा. पलीकडच्या खोक्यातून सावकाश ठोके आले. मग एकेक करत सगळीच वाजायला लागली, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. न राहवून मी दाराजवळच्या खोक्याचं झाकण किलकिलं केलं. पक्षी मुकाट बसला होता. त्याच्याखाली निळा स्वेटर, आचाऱ्याने बोटीवर जायच्या आदल्या दिवशी धुवायला टाकलेला. फळीवरचे सगळे कपडे त्या बोटीवरच्या माणसांचेच होते. घाईत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

वहिनी परत आली. हातात ओला शर्ट, डोळे सुजलेले, पण चेहरा वर्षभरात पहिल्यांदा शांत. ती दारात उभी राहून ऐकत राहिली. मी कसंबसं म्हटलं, अंधार पडायच्या आत आपण सोडून येऊ.

"आपण नाही, वन्सं. त्यांच्या बायकांना बोलवा. मला निरोप देता आला, त्यांनाही देऊ दे."

मी चपला घातल्या. आधी आचाऱ्याच्या घरी गेले. दार वाजवायला हात उचलला, आणि कसं वाजवावं तेच मला कळेना.