हिरव्या शेपटाचं विमान

सुट्टीवर निघालेल्या लोकांना बेटांवर नेऊन सोडणाऱ्या त्या कंपनीत विमानांना नेहमी उशीर व्हायचा. अफवांना कधी झाला नाही. त्या वर्षी तर अफवांना ऊत आला होता. जुनी विमानं काढून नवी आणणार, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. पुढे फाटे फुटत. कुणी म्हणे गणवेश जांभळे होणार. कुणी म्हणे कंपनीचं नाव छाटून त्यातलं एकच अक्षर ठेवणार, आणि ते कुठलं ठेवायचं यावर वरच्या मजल्यावर बंद दाराआड खल चाललाय. हवाई सुंदरींना यापुढे हसण्याची सक्ती राहणार नाही अशीही एक बातमी होती, पण ती त्यांनीच उठवली असावी. शेवटी कंपनीने जाहीर केलं, की असा कुठलाही विचार नाही. तेव्हा मात्र ज्यांना थोडीफार शंका होती त्यांचीही खात्री पटली.

रंगखात्यातला सगळ्यात जुना रंगारी असल्या गप्पांत पडणारा नव्हता. विमानांची शेपटं पिवळीधमक करणं हे त्याचं काम, आणि ते तो इमानेइतबारे करत आला होता. जुना रंग खरवडायचा, अस्तर द्यायचं, कडांना चिकटपट्टी लावायची आणि मग शिडीवर उभं राहून श्वास रोखून फवारा मारायचा. कारण हात जरा हलला की पिवळ्यात लाट उठते आणि ती लाट पुढे वर्षानुवर्षं आकाशात हिंडते. पिवळा रंग त्याच्या नखांत कायमचा मुक्कामाला आला होता. मुलगी लहान असताना तिच्या शाळेतल्या बाईंनी तिला विचारलं होतं, की तुझे बाबा अंडी फोडायच्या कामावर आहेत का.

पण या खेपेच्या अफवांकडे त्याला काणाडोळा करता येईना. त्याचं कारण घरी होतं.

घर विमानतळाच्या वाटेवर, तिसऱ्या मजल्यावर. उतरणारी विमानं स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून अशी जात, की हात बाहेर काढला तर चाकाला लागेल. संध्याकाळचं शेवटचं पिवळं शेपूट खिडकीतून गेलं, की त्याची बायको चहाचं आधण ठेवी. ते विमान जागेवर उभं राहिलं की रंगखात्याची पाळी सुटे, आणि चहाला उकळी फुटते न फुटते तोच नवरा दारात. अख्खा संसार या क्रमाने झाला होता. घरात घड्याळ होतं, पण ते भिंत रिकामी दिसू नये म्हणून.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग भाजीतलं मीठ, मग भाजी. नवऱ्याचं नाव ती विसरली हे कळायला फार वेळ लागला, कारण तिने ते कधी घेतलंच नव्हतं. "अहो" होतं, आणि "अहो" शाबूत होतं. फक्त ते म्हणताना तिच्या डोळ्यांत हळूहळू कुणीच नसायला लागलं.

एकदा अंगात ताप भरला म्हणून तो भर दुपारी घरी आला. तिने साखळी न काढता फटीतून पाहिलं.

"कोण पाहिजे?"

"अगं, मी."

"हे घरी नाहीत. संध्याकाळी या."

"अगं, मीच तो."

"सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

तो जिन्यात बसून राहिला, तापाने फणफणत. संध्याकाळी डोक्यावरून विमान गेलं. त्याने भीत भीत बेल दाबली. दार सताड उघडलं.

"आलात? आणि तोंड का असं उतरलंय? ताप-बीप नाही ना?" तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

त्या दिवशी त्याला कळलं, की आपल्या घराची किल्ली आपल्या खिशात नाही, आकाशात आहे. पिवळं शेपूट गेल्यावर येतो तो नवरा. त्याआधी येतो तो परका माणूस. त्यानंतर तो एकदाही लवकर घरी गेला नाही.

आणि आता म्हणे शेपटाचा रंग बदलणार होता.

ही बातमी आणली गोदामवाल्याने. त्याला सगळे दवंडी म्हणत, आणि त्याला त्याचा अभिमान होता.

"काका, हिरवा," तो कानाशी येऊन म्हणाला. "ड्रमच्या ड्रम उतरलेत. समुद्रासारखा हिरवा. झाकण उघडून बघितलंय मी."

"शेपटाचाच कशावरून?"

"मग एवढा हिरवा काय भिंतींना फासायचाय?"

रंगखात्याची एक जुनी रीत होती. साहेब लोक काय सांगतात त्याकडे लक्ष द्यायचं नाही. गोदामात काय उतरतं ते बघायचं. मागे पिवळ्याची छटा किंचित गडद झाली, तेव्हाही ती यांना ड्रमावरूनच आधी समजली होती आणि साहेबांना नंतर. त्यामुळे दवंडीच्या बातमीवर रंगखात्याने एका दुपारीत शिक्कामोर्तब करून टाकलं.

रंगाऱ्याने मुलीला फोन लावला. ती लांब राहत होती.

"बाबा, पण हिरवाच हे कुणी सांगितलं?"

"ड्रम आलेत."

"ड्रम बोलले का?"

"आमच्याकडे ड्रमच बोलतात."

"पिवळी विमानं अजून येतायत ना? मग येतायत तोवर येऊ देत की, बाबा. आईला कशाला आत्तापासून..."

"एका दिवसात सगळं बदललं तर? तिला शिकायला वेळ लागतो गं. आत्ता सुरू केलं तर तेव्हा जमेल."

त्याने दवंडीकडून बाटलीभर हिरवा मागून आणला. स्वयंपाकघराचं दार हिरवं केलं. ती खिडकीशी ज्या स्टुलावर बसायची ते हिरवं केलं. प्लायवुडचं एक विमान कापलं, चांगलं हातभर लांब, आणि त्याच्या शेपटाला अस्तरासकट तीन हात दिले. खऱ्या विमानालाही दिले नसते इतक्या मायेने. मग शेजारच्या वहिनींना सगळं समजावलं. त्या हल्ली दिवसभर तिच्या सोबतीला असत.

"म्हणजे पिवळं यायच्या वेळी मी पडदा ओढायचा," वहिनी म्हणाल्या, "आणि हे फळकूट खिडकीपुढून न्यायचं. आवाज पण काढू का?"

"आवाज खऱ्याचा येईलच."

"नाही, मला जमतो, म्हणून विचारलं."

पहिले दिवस वाईट गेले. पडदा ओढला की ती कावरीबावरी होई. तो आला की दार उघडत नसे. तो जिन्यात बसे, आणि ती झोपली की वहिनी त्याला चोरासारखं आत घेत. त्याच्या मनात यायचं, की पडदा उघडावा, अजून येतंय ते पिवळं तिला बघू द्यावं. पण तो गोदामातल्या ड्रमांची आठवण काढी आणि मन घट्ट करी. कडू औषध आपणच द्यावं लागतं, असं त्याने स्वतःला बजावलं होतं.

आणि एका संध्याकाळी त्याने बेल दाबायच्या आत दार उघडलं.

"आलात? हिरवं गेलं मघाशीच. मी चहा टाकून बसलेय."

तो चहा प्याला. मग हात धुवायच्या निमित्ताने मोरीत गेला आणि नळ मोठा सोडून बराच वेळ हात धूत राहिला.

थोड्या दिवसांनी वहिनी एकदा पडदा ओढायला विसरल्या. पिवळं शेपूट खिडकीतून अख्खं गेलं. तिने ते बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, कुणाचं हो ते? कावीळ झाल्यासारखं दिसतंय."

वहिनींनी जिन्यातच ही बातमी दिली, तेव्हा रंगारी खो खो हसला. दुसऱ्या दिवशी रंगखात्यातही हसून हसून सांगितली. दवंडीने सगळ्यांना चहा पाजला. काकांनी बाजी मारली असं ठरलं. त्यानंतर पडदा ओढायची गरजच उरली नाही. शेवटची पिवळी विमानं तिच्या खिडकीवरून एकेक करून जात राहिली आणि तिने मान वर करून पाहिलं नाही.

एकच अडचण येऊ लागली. ती फळकुटावर संशय घेऊ लागली.

"विमान आकाशात असतं, वहिनी," ती म्हणे. "तुमच्या हातात काय असतं?"

"थोडेच दिवस," रंगारी वहिनींना म्हणाला. "खरी येतीलच आता."

खरी आली. पहिलं नवं विमान हँगरमध्ये कापडाखाली झाकून उभं केलं आणि सगळ्या खात्यांना बोलावलं. मोठ्या साहेबांनी भाषण केलं. साधेपणा हीच आपली नवी ओळख, असं त्यांनी सांगितलं. ते सांगायला त्यांना पुष्कळ वेळ लागला. मग दोरी ओढली आणि कापड खाली आलं.

विमान पांढरं होतं. नाकापासून शेपटापर्यंत पांढरंफटक. खाली अजून एक कापड असेल अशा समजुतीने लोकांनी टाळ्या जरा उशिरा वाजवल्या.

विमानं भाड्याची होती. मालकाकडून पांढरी आली, पांढरीच परत जायची. कंपनीचं नाव म्हणून दाराजवळ एक स्टिकर होता, आणि तो ओढला की निघत होता.

रंगारी आपल्या साहेबाजवळ गेला. "साहेब, ते हिरवे ड्रम?"

"कुठले? हां, ते. ते जमिनीचे. पायी चालणाऱ्यांसाठी हँगरमध्ये पट्टा आखायचाय. बरी आठवण केलीत. तुम्हीच करून टाका काका, तुमचा हात सरळ आहे."

त्याने ते काम केलं. गुडघ्यावर बसून, दोन्ही कडांना चिकटपट्टी लावून, हँगरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. रेषा कुठेही हलली नाही. दवंडी बराच वेळ त्याच्या मागे मागे चालत होता.

"काका," तो शेवटी म्हणाला, "मला शिव्या तरी घाला."

"बाजूला हो," रंगारी म्हणाला. "ओलं आहे."

पांढरं तिला शिकवता येण्यासारखं नव्हतं. लांबून पाहिलं तर सगळ्याच कंपन्यांची विमानं पांढरी. आकाश त्यांनीच भरलेलं. त्याने फळकुटाचं शेपूट पिवळं करून पाहिलं. तिने तोंड फिरवलं. तिला एक गोष्ट पक्की माहीत होती, बाकी सगळं गळून गेलं तरी ती एक राहिली होती: हिरवं विमान येतं आणि मग हे येतात. नवऱ्याने इतकं जीव तोडून शिकवलेलं ती विसरणार कशी?

फळकूट तिने एक दिवस केराच्या डब्यात घातलं.

त्या संध्याकाळी रंगारी जिन्यात बसला होता. वहिनी बाहेर आल्या, त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "भाऊजी, उठा. रोज असं किती बसणार? मी काय सांगते त्याला फक्त हो म्हणा." त्यांनी दारातून आत हाक मारली. "अहो ऐकलंत का, रंगारी आलेत. तुमचं स्वयंपाकघराचं दार बघायला."

साखळी निघाली. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"या," ती म्हणाली. "चपला बाहेर काढा."

त्याने चपला बाहेर काढल्या. वहिनी त्याला दारात सोडून आपल्या घरी गेल्या. तो आत येऊन आपण रंगवलेल्या दारापुढे उभा राहिला.

"कुठला द्यायचा?" त्याने विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"तेच कळत नाहीये. हे आल्यावर ठरवलं असतं." तिने दारावरून हात फिरवला. "नको. हिरवाच असू दे. यांच्या कंपनीचा रंग आहे. यांना आवडतो."

तिने चहा केला. पाहुण्यांच्या कपात, खाली बशी देऊन. या कपातून या घरात तो कधी चहा प्यायला नव्हता. कप देताना तिची नजर त्याच्या बोटांवर गेली.

"तुमची नखं पिवळी कशाने झाली हो?"

"जुनं काम," तो म्हणाला. "निघत नाही."

"यांचीही अशीच आहेत. कितीदा सांगते, घासा जरा. ऐकतील तर शपथ." ती त्या नखांकडे बघत राहिली. तो हात न हलवता बसला, जसा शिडीवर फवारा मारताना उभा राही, श्वास रोखून. मग तिने नजर काढून घेतली.

"रंगाऱ्यांचं असंच असेल," ती म्हणाली.

चहा संपला. ती भिंतीला धरून उठली. हल्ली ती लवकर थकायची.

"मी जरा पडते आत. तुम्ही आहात ना अजून? मग खिडकीत तेवढं लक्ष ठेवाल का? हिरव्या शेपटाचं विमान गेलं की मला हाक मारा. चहा टाकायचाय, हे येतील."

"मारतो हाक."

तो हिरव्या स्टुलावर खिडकीशी बसला. एक विमान गेलं, पांढरं. त्याच्या मागून थोड्या वेळाने आणखी एक गेलं. त्यातलं आपल्या कंपनीचं कुठलं, हे त्यालाही कळलं नाही.

"आलं का हो?" आतून आवाज आला.

"नाही अजून."

"येईल," ती आतून म्हणाली, परक्या माणसाची समजूत काढावी तशी. "त्यांना उशीर होतो कधी कधी."