टेकडीवरची तीनशे बारा झाडं

मी सुचिताचा टेप बोलतोय. तीस मीटरचा, पिवळा, आकडे अर्धे पुसलेले. आणि मी संतापलोय, हे आधीच सांगून टाकतो.

बुलढाण्याच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून तिनं मला घेतलं, तेव्हा ती पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करत होती. मी खरखरीत खोडांभोवती वेढे घालायचो, ती घेराचा आकडा वहीत उतरवायची. तिच्या गावी, मोताळ्यात, लोक थांबून बघायचे. तिचे वडील उत्तमराव विचारायचे, "झाडं मोजून नोकरी लागते काय वं?"

लागली. पर्यावरणाचे अहवाल बनवणाऱ्या एका कंपनीत. पहिलंच काम सोनाळ्याकडच्या एका टेकडीचं. तिथं दगडाची खाण व्हायची होती. सात दिवस उन्हात फिरून आम्ही तीनशे बारा झाडं मोजली. सालई, धावडा, अंजन, तेंदू. तिथं बकऱ्या चारणाऱ्या सरस्वतीबाई सोबत होत्या. त्यांना एकेक झाड ओळखीचं.

कंपनीचे साहेब सौमित्र यांनी वही चाळली. "एवढी झाडं नकोत. 'विरळ काटेरी झुडपं' असं लिही."

"सर, एका धावड्याचा घेर एकशे चाळीस सेंटिमीटर आहे."

"तुला याच क्षेत्रात करिअर करायचंय ना? मग सही कर."

याच क्षेत्रात! या माणसानं ती टेकडी गाडीच्या काचेतूनसुद्धा पाहिली नव्हती. माझ्या अंगावरचा प्रत्येक आकडा तेव्हा पेटून उठला.

सुचितानं सही केली नाही. मला पिशवीत टाकलं आणि नोकरी सोडून बाहेर पडली. खरे आकडे तिनं स्वतः खाणीला परवानगी देणाऱ्या सरकारी कचेरीत नेऊन दिले. "पंधरा दिवसांत फेरमोजणी करू," असं उत्तर मिळालं.

बाराव्या दिवशी सरस्वतीबाईंचा फोन आला. "पोरी, मशीन आलं. झाडं पाडून राह्यले!"

आम्ही पोचलो तोवर उतार बोडका झाला होता. सरस्वतीबाई धुळीत बसल्या होत्या. "मी आडवी झाली वं. पन मशीनवाला म्हने, कागदावर अठी झाडच नाही."

सौमित्र साहेबांना सही करणारं दुसरं कुणीतरी मिळालं होतं.

सुचिता पुन्हा कचेरीत गेली. तिथल्या बाबूंनी मानही वर केली नाही. "झाडं होती, याला पुरावा काय?"

म्हणून आता मी खुंट मोजतोय. उभ्या खोडाला कवेत घेणारा मी जमिनीलगत आडवा पडतो. सालईचा डिंक लागून माझे पदर एकमेकांना चिकटतात. सरस्वतीबाई झाडाचं नाव सांगतात, सुचिता लिहिते.

पर्यावरण दिनाला भाषणं ठोकणाऱ्यांनो, मला तुमची हळहळ नको. पुढचा अहवाल समोर येईल तेव्हा सही करण्याआधी एकदा टेकडी चढा. तेवढं जमत नसेल, तर निदान चढून आलेल्या पोरीला पुरावा मागू नका.